इंजिनाचा श्वास

ओल्या लांकडांच्या चुलीपुढें बसलेली गृहिणी हातीं फुंकणी घेते, तेव्हां ती चुलींत नवें लांकूड घालीत नसते. तरीहि धुमसणारी चूल एकाएकीं पेट घेते. लोहाराच्या भट्टींतहि तोच प्रकार. कोळसा तितकाच असतो, पण भाता चालूं लागला कीं काळवंडलेला निखारा आधीं तांबडा आणि मग पिवळा दिसूं लागतो. आगीला जळण लागतें हें सर्वांस ठाऊक असतें. तिला वाराहि लागतो, आणि तोहि बेतानें लागतो, हें मात्र चुलीपासून दूर गेलेला शहरवासी विसरून जातो. मोटारगाडीचें इंजिन ही अशीच एक चूल आहे. फरक एवढाच कीं, ती लोखंडाच्या बंद पेटींत मिनिटाला हजारों वेळां पेटते आणि विझते.

गाडी विकत घेतली कीं तिचें बळ वाढवावें, अशी हौस मोटारीचा शौक असलेल्या तरुणांत जगभर दिसून येते. या हौसेचा आरंभ बहुधा एकाच ठिकाणीं होतो. बॉनेट उघडून कारखान्यानें बसविलेली हवेची काळी पेटी काढावयाची, आणि तिच्या जागीं चकचकीत नळी व शंकूच्या आकाराची उघडी गाळणी बसवावयाची. दुकानदार सांगतो कीं, गाडी आतां मोकळा श्वास घेईल. गाडीचा आवाज बदलतो, चालविणाऱ्याला ती अधिक चपळ भासूं लागते, आणि घरांतील वडील माणसाला प्रश्न पडतो कीं, एवढे पैसे खर्चून नेमकें काय मिळालें? हा प्रश्न रास्त आहे. इंजिनाला अधिक हवा देण्याचे ठळक मार्ग पांच आहेत; त्यांपैकीं कोणता मार्ग किती देतो, आणि देतांना काय मागून घेतो, याचा हिशेब मांडल्यावांचून त्या वडील माणसाचें समाधान व्हावयाचें नाहीं.

प्रथम हवेची गरज किती असते हें पाहणें इष्ट. पेट्रोलचा एक भाग पुरतेपणीं जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोल वजनानें पाऊण किलोच्या आंतबाहेर भरतें. म्हणजे त्याला सुमारें ११ किलो हवा पाहिजे. हवा हलकी असल्यामुळें तेवढी हवा सुमारें ९,००० लिटर जागा व्यापते. एका लिटर पेट्रोलला नऊ हजार लिटर हवा! दोन लिटर मापाचें इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेऊं लागलें, तर दर दोन फेऱ्यांत एकदां तें आपलें माप भरून घेतें, म्हणजे सेकंदाला सुमारें १०० लिटर हवा त्यांतून जाते. पेट्रोल अधिक घालणें कठीण नाहीं. एक छोटासा पंप तें काम सहज करतो. कठीण आहे तें त्या पेट्रोलच्या जोडीची हवा आंत आणणें. म्हणून इंजिनाच्या सामर्थ्याची मर्यादा पेट्रोलच्या टांकींत नसून हवेच्या वाटेंत असते.

इंजिन हवा ओढतें असें म्हणण्याचा प्रघात आहे. पण वस्तुस्थिति थोडी निराळी आहे. दट्ट्या खालीं जातो तेव्हां सिलिंडरांत पोकळी होते, आणि बाहेरचें वातावरण आपल्या दाबानें हवा आंत ढकलतें. हें ढकलण्याचें काम वातावरण फुकट करीत असलें, तरी त्यांत तीन अडचणी येतात. वाट अरुंद असली तर हवा अडते. हवा तापलेली असली तर ती विरळ होते. आणि ठिकाण समुद्रसपाटीपासून फार उंच असलें तर मुळांत दाबच कमी असतो. पांचहि मार्ग या तीन अडचणींवरील उपाय आहेत.

पहिला मार्ग गाळणी बदलण्याचा. कारखान्यांतून येणाऱ्या गाडींत बहुधा घड्या घातलेल्या कागदाची गाळणी असते. घड्यांमुळें लहानशा पेटींत पुष्कळ मोठें क्षेत्र मावतें आणि हवा त्यांतून सावकाश गाळली जाते. ही गाळणी नवी व स्वच्छ असतांना तिच्यामुळें होणारी अडवणूक फार थोडी, वातावरणाच्या दाबाच्या शेंकडा एकदोन भागांच्या आसपास असते. जेथें अडथळाच थोडा, तेथें तो दूर करून होणारा लाभहि थोडाच असणार. तेलांत भिजविलेल्या सुती जाळीची गाळणी धुवून पुनःपुन्हां वापरतां येते, हा तिचा गुण खरा. तथापि जाळी जितकी मोकळी, तितका बारीक धूळ आंत जाण्याचा संभव अधिक. आणि धुतल्यानंतर तेल जास्त लागलें तर तें पुढें असलेल्या, हवा मोजणाऱ्या तप्त तारेवर जाऊन बसतें व इंजिनाचा सारा हिशेब चुकवितें.

मग गाडी चपळ झाल्याचा भास कां होतो? त्याचें कारण कानांत आहे. कारखान्याच्या पेटींत हवा नेण्याखेरीज तिचा घोष दाबून टाकण्याचीहि योजना असते. ती पेटी निघाली कीं इतके दिवस कोंडलेला आवाज बाहेर पडतो आणि चालविणारा त्या आवाजालाच बळ समजतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण या ठिकाणीं तंतोतंत लागू पडते.

धुळीची गोष्ट मात्र हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. रस्त्यावरच्या धुळींत गारगोटीचे अतिसूक्ष्म कण असतात, आणि ते इंजिनांतील धातूलाहि ओरखडे पाडतात. असे कण तेलांत मिसळले कीं सिलिंडरच्या भिंतींवर कानशीसारखें काम सुरू होतें. त्याचा परिणाम त्या दिवशीं दिसत नाहीं, त्या महिन्यांतहि दिसत नाहीं; कांहीं वर्षांनीं इंजिन तेल पिऊं लागतें आणि धूर सोडूं लागतें, तेव्हां मालकाला गाळणीची आठवणहि राहिलेली नसते.

गाळणी ठेवावी कीं काढावी हा प्रश्न एकदां माणसांच्या प्राणांशीं येऊन भिडला होता. तो मोटारीचा नसून विमानाचा प्रसंग आहे. पण पेट्रोलवर चालणारें इंजिन दोहोंकडे सारखेंच. १९४२ सालच्या मार्च महिन्यांत ब्रिटिशांनीं माल्टा बेटाच्या रक्षणासाठीं स्पिटफायर विमानें धाडलीं. तेथील व उत्तर आफ्रिकेंतील धुळीपासून इंजिन वांचावें म्हणून त्यांच्या नाकाखालीं व्होक्स नांवाच्या गाळणीची भली मोठी पेटी बसविलेली होती. या पेटीनें इंजिन वांचे. पण विमानाचा वेग घटे आणि त्याचें वर चढणें मंदावे. शत्रु डोक्यावर असतांना चढण मंदावणें म्हणजे वैमानिकाच्या जिवाशींच गांठ. बरें, गाळणी काढून टाकावी तर धुळीनें इंजिन लवकर निकामी होणार, आणि वेढा पडलेल्या बेटावर दुसरें इंजिन कोठून येणार?

ईजिप्तमधील अबूकीर येथील विमानदुरुस्तीच्या केंद्रांत कारागिरांनीं यावर तोड काढली. त्यांनीं गाळणी फेकून दिली नाहीं. तिची पेटी लहान व सुटसुटीत केली, आणि गमावलेल्या वेगाचा कांहीं भाग परत मिळविला. पुढें स्पिटफायरच्या नवव्या आवृत्तीच्या विमानांत याहून चतुर योजना आली. वैमानिकाच्या डाव्या हाताला एक दांडा देण्यांत आला. जमिनीवर, उड्डाणाच्या वेळीं, उतरतांना आणि धुळीच्या प्रदेशांत हवा गाळून घ्यावयाची. उंचावरच्या निर्मळ हवेंत गाळणीची वाट सोडून सरळ वाट धरावयाची. ज्यांच्या जिवाचा प्रश्न होता त्यांनींसुद्धां गाळणीला शत्रु मानलें नाहीं, ही गोष्ट मोटारीच्या शौकिनानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

दुसरा मार्ग थंड हवेचा. हवा जितकी तापते तितकी विरळ होते. बाहेर ३० अंश उष्णता असतां बॉनेटखालीं ६० अंश असणें ही मुळींच असाधारण गोष्ट नव्हे. आणि या तीस अंशांच्या फरकानें त्याच मापांत मावणाऱ्या हवेचें वजन शेंकडा ९ नें घटतें. येथेंच बॉनेटखालच्या उघड्या गाळणीचें पितळ उघडें पडतें. कारखान्याची काळी पेटी दिसावयास ओबडधोबड असली, तरी तिचें तोंड बहुधा पुढच्या बाजूस, बाहेरच्या थंड हवेकडे वळविलेलें असतें. ती काढून तापलेल्या जागेंत उघडी गाळणी ठेवणें म्हणजे शेंकडा एकाची अडवणूक टाळण्यासाठीं शेंकडा नऊंची हवा गमावण्याचा धोका पत्करणें होय. गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगानें जात असली तर बॉनेटखालची उष्णता उतरते आणि तोटा कमी होतो हें खरें. पण शहरांतील गर्दींत, एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत सरपटणाऱ्या गाडीला ती सवलत मिळत नाहीं.

लांब नळी लावून गाळणी खालीं बंपरच्या मागें नेली तर मात्र खरोखरच थंड हवा मिळते, आणि थोडेंसें बळहि मिळतें. परंतु जेथें हवा थंड असते तेथेंच पाणीहि साचतें. मुंबईच्या पावसाळ्याचा अनुभव असलेल्या कुटुंबांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. २६ जुलै १९०५ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २६ जुलै २००५ या दिवशीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि रस्त्यांच्या नद्या झाल्या. अशा पाण्यांत गाळणी बुडाली कीं इंजिन हवेऐवजीं पाणी घेतें. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. दट्ट्या वर येतो, पाणी हटत नाहीं, आणि दट्ट्याला फिरत्या आंसाशीं जोडणारा पोलादी दांडा वांकतो. एका क्षणांत इंजिन निकामी होतें. पाण्यांत बंद पडलेली गाडी पुन्हां पुन्हां सुरू करण्याचा हट्ट धरूं नये, असें जाणते कारागीर सांगतात तें यासाठींच.

तिसरा मार्ग समोरून येणाऱ्या वाऱ्याचा. गाडी धांवते तेव्हां वारा तिच्या तोंडावर आदळतो. त्याला रुंद तोंडाच्या नळींत पकडून इंजिनांत कां कोंडूं नये? कल्पना मोहक आहे, पण गणित निराशा करणारें आहे. ताशीं १०० किलोमीटर वेगाला या वाऱ्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या शेंकडा अर्ध्या भागाहूनहि किंचित् कमीच भरतो. २०० किलोमीटर वेगाला तो शेंकडा दोनाच्या आंत, आणि ३०० किलोमीटर वेगाला शेंकडा चार एवढा होतो. वेग दुप्पट झाला कीं हा दाब चौपट होतो, म्हणून शर्यतीच्या गाड्यांस त्याचा उपयोग आहे. १९७० नंतरच्या वर्षांत फॉर्म्युला वन शर्यतींतील गाड्यांच्या डोक्यावर हवा घेण्याचे उंचच उंच डेरे दिसूं लागले होते. ते इतके वाढले कीं १९७६ सालीं नियम करून त्यांची उंची छाटावी लागली. शेंकडा दोनतीनांसाठीं तेथें धडपड चालते, कारण तेथें सेकंदाच्या अंशावर जयापजय ठरतो. बाजारांतून भाजी घेऊन येणाऱ्या गाडीच्या बॉनेटवरचें भोंक मात्र शोभेपुरतेंच असतें.

चौथा मार्ग नळीच्या लांबीचा, आणि तो सर्वांत बुद्धीचा आहे. झडप एकाएकीं मिटली कीं धांवत आलेली हवा तिच्यावर आदळून दबते, आणि दाबाची एक लाट नळींतून मागें जाते व पुन्हां परत येते. ही परतणारी लाट झडप उघडतां उघडतां दाराशीं पोंचली तर ती चार घोट हवा अधिक आंत ढकलते. लाट केव्हां परतणार हें नळीच्या लांबीवर अवलंबून असतें. बांसरी लांब असली तर स्वर खालचा, आखूड असली तर वरचा. त्याचप्रमाणें लांब नळी इंजिनाच्या मंद फेऱ्यांशीं जुळते, आणि आखूड नळी जलद फेऱ्यांशीं.

अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीनें १९६० सालच्या आपल्या ‘३०० एफ्’ या गाडींत तीस इंच लांबीच्या नळ्या वापरल्या. त्या इतक्या लांब होत्या कीं, एका बाजूच्या सिलिंडरांसाठीं असलेला कार्ब्युरेटर इंजिनाच्या दुसऱ्या बाजूवर जाऊन बसला. या इंजिनाची शक्ति ३७५ अश्वशक्ति होती व त्याचा जोर मधल्या वेगांत उत्तम लागे. याच इंजिनाची ४०० अश्वशक्तीची दुसरी आवृत्तिहि निघाली. तिच्या नळ्या बाहेरून तशाच दिसत. परंतु आंतील मधल्या भिंती कापून त्यांची कामापुरती लांबी निम्म्यावर आणली होती. वरच्या फेऱ्यांत शक्ति वाढली, आणि तिच्या बदल्यांत खालच्या फेऱ्यांतील जोर सोडून द्यावा लागला. एका स्वराशीं जुळविलेली बांसरी सर्व स्वर सारखे देत नाहीं. म्हणून जाहिरातींत केवळ सर्वांत मोठा आंकडा वाचणाऱ्यानें तो मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळतो हेंहि वाचावें. कारण नित्याच्या प्रवासांत त्या फेऱ्यांपर्यंत गाडी कदाचित् कधींच जात नसेल.

आतां राहिला पांचवा मार्ग, भात्याचा. पहिल्या चारांत वातावरण जें देईल तें नीट घ्यावयाचें असतें. या मार्गांत पंप लावून हवा बळेंच कोंबावयाची असते. इंजिनाच्या आंसावर चालणाऱ्या पंपाला सुपरचार्जर म्हणतात. धुराड्यांतून वाया जाणाऱ्या तप्त वायूंच्या झोतानें चक्र फिरवून चालणाऱ्या पंपाला टर्बोचार्जर म्हणतात. दुसऱ्या युक्तीचें मूळ स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनीं १९०५ सालीं घेतलेल्या पेटंटांत आहे. शेंकडा एकदोनांचा हिशेब या मार्गांत संपतो. येथें बळ दीडपट, प्रसंगीं दुप्पटहि होऊं शकतें. परंतु येथें मागणीहि तितकीच भारी असते.

फ्रान्समधील ल मां येथील १९३० सालची चोवीस तासांची शर्यत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. सर हेन्री बर्किन यांनीं साडेचार लिटरच्या बेंटली गाडीला सुपरचार्जर जोडविला होता. साध्या गाडीची ११० अश्वशक्ति त्यामुळें १७५ वर, आणि शर्यतीच्या गाडींत २४० च्या घरांत गेली. गाडीचे मूळ निर्माते डब्ल्यू. ओ. बेंटली यांना ही जोड पसंत नव्हती. अधिक हवा पाहिजे असेल तर इंजिनच मोठें करावें, असें त्यांचें मत होतें. प्रतिपक्षाला रुडॉल्फ काराचिओला यांची मर्सिडीज होती. तिचाहि सुपरचार्जर प्रसिद्ध होता. पायाखालची कळ पुरती दाबली म्हणजेच तो कामाला लागे, आणि त्याची किंकाळी दूरवर ऐकूं जाई. बर्किन यांनीं मर्सिडीजला मोठ्या धाडसानें मागें टाकलें. पण रात्र सरण्यापूर्वींच मर्सिडीज बंद पडली, आणि सुपरचार्जर लावलेल्या बेंटली गाड्यांपैकीं एकहि शर्यत पुरी करूं शकली नाहीं. जिंकली ती साडेसहा लिटरची, भाता नसलेली, मोठ्या मापाची बेंटलीच. दुसरा क्रमांकहि तिच्याच जोडीदारिणीनें पटकावला.

यावरून भाता वाईट असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. पुढच्याच वर्षीं, १९३१ सालीं, ल मांची शर्यत आल्फा रोमिओच्या अवघ्या २.३ लिटरच्या गाडीनें जिंकली. तिला सुपरचार्जर होता, आणि ती चालविणाऱ्या दोघांपैकीं एक स्वतः बर्किनच होते. दुसरे होते अर्ल हौ. मग एकाच माणसाला एका वर्षीं भात्यानें दगा दिला आणि दुसऱ्या वर्षीं यश दिलें, असें कां? आल्फाचें इंजिन व्हित्तोरिओ यानो यांनीं आरंभापासूनच भाता गृहीत धरून रचलें होतें. बेंटलीवर तो तयार इंजिनाच्या पुढें नंतर अडकविलेला होता. या एका फरकांत या विषयाचें सार आलें.

कारण हवा दाबली कीं ती तापते. सायकलचा पंप मारतांना त्याचें टोंक हाताला गरम लागतें, तोच हा प्रकार. ३० अंशांची हवा दुप्पट दाबावर नेली तर व्यवहारांतील पंपांतून ती सुमारें १२० अंशांवर जाऊन बाहेर पडते. दाब दुप्पट झाला, पण उष्णतेमुळें हवेचें वजन दीडपटीच्या आसपासच वाढलें. शिवाय अशी तापलेली व दाबलेली हवा पेट्रोलसह सिलिंडरांत शिरली कीं तें मिश्रण वेळेपूर्वीं आपोआप भडकतें, आणि दट्ट्यावर हातोड्याचे घाव बसूं लागतात. म्हणून दाबलेली हवा निववणारा इंटरकूलर लागतो. १९४२ सालच्या रोल्स-रॉईस मर्लिन इंजिनाच्या ६१ व्या आवृत्तींत हवा दोन टप्प्यांनीं दाबून मग थंड करण्याची सोय होती, आणि तिच्या बळावरच स्पिटफायर विमान उंचावर पुन्हां शत्रूच्या तोडीचें झालें. मोटारींतहि इंटरकूलर, मजबूत दट्टे, अधिक पेट्रोल पुरविणारा पंप आणि इंजिनाच्या हिशेबाची फेरमांडणी, एवढें सर्व मागोमाग येतें.

ही मागणी मालकाच्या अंगावर टाकली म्हणजे काय होतें तें ओल्ड्समोबिल कंपनीच्या १९६२ सालच्या ‘जेटफायर’ गाडीनें दाखविलें. साडेतीन लिटरच्या या इंजिनाला टर्बोचार्जर होता. आणि तें आंतल्या आंत भडकूं नये म्हणून पाणी व मिथिल अल्कोहोल यांचें मिश्रण एका वेगळ्या टांकींतून पुरविलें जाई. टांकी भरलेली ठेवणें मालकाच्या हातीं होतें, आणि पुष्कळ मालक ती भरावयास विसरत. टांकी रिकामी झाली कीं गाडी आपण होऊन भात्याचा जोर कमी करी, आणि मालक गाडींत बळ नाहीं म्हणून तक्रार करी. १९६३ नंतर ही गाडी बंद झाली. यंत्र हुशार होतें. पण नित्याच्या घरगुती वापरांतील माणसाकडून त्यानें जी दक्षता अपेक्षिली, ती त्याला मिळाली नाहीं.

इंजिनाचें बळ हवेंतच आहे हें शर्यतींचे नियम करणारे पुरतें ओळखून आहेत. जागतिक रॅली स्पर्धेंत १९९५ सालीं टर्बोचार्जरच्या तोंडाशीं ३४ मिलिमीटर व्यासाचें एक कडें बसविणें सक्तीचें होतें. इंजिन कितीहि मोठ्या हिकमतीचें असो, त्या भोंकांतून जाईल तेवढ्याच हवेवर त्यानें भागवावें, असा त्यामागचा हेतु. त्या वर्षीं स्पेनमधील कातालुन्या रॅलींत टोयोटा संघाच्या गाड्यांत एक अत्यंत चतुर रचना सांपडली. गाडी जोडलेली असतांना कड्याच्या बाजूनें चोरवाट उघडे. तपासणीसाठीं भाग सुटा केला कीं ती आपोआप मिटे. संघाला त्या वर्षीचे सर्व गुण गमवावे लागले आणि बारा महिने स्पर्धेंतून बाहेर रहावें लागलें. एवढ्या नामांकित कारागिरांनीं आपला लौकिक पणाला लावला, तो पेट्रोलच्या थेंबासाठीं नव्हे, तर चिमूटभर हवेसाठीं.

हवेची सत्ता सर्वांत स्पष्ट दिसते ती अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांतल्या पाइक्स पीक डोंगरावर. तेथें १९१६ पासून डोंगर चढण्याची शर्यत होत आली आहे. रस्ता जवळजवळ २० किलोमीटरांचा, त्यांत १५६ वळणें, आणि शेवट ४,३०० मीटर उंचीवर. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेनें सुमारें शेंकडा ६० च उरतो. साधें इंजिन तेथें आपलें बळ जवळजवळ शेंकडा ४० नें गमावून बसतें. भाता लावलेलें इंजिन ती तूट पुष्कळशी भरून काढतें. २०१३ सालीं सेबास्तियां लोएब यांनीं दोन टर्बोचार्जर लावलेल्या, ८७५ किलो वजनाच्या व तितक्याच अश्वशक्तीच्या प्यूजो गाडींतून हा डोंगर ८ मिनिटें १३.८७८ सेकंदांत सर केला. आणि २०१८ सालीं रोमँ द्युमा यांनीं फोक्सवॅगनच्या विजेवर चालणाऱ्या गाडींतून तोच रस्ता ७ मिनिटें ५७.१४८ सेकंदांत कापला. तिची अश्वशक्ति कागदावर प्यूजोहून कमी, ६८० होती. तिच्या यशाला इतरहि कारणें होतीं. पण तिला श्वासच घ्यावा लागत नव्हता, म्हणून वरची विरळ हवा तिच्या मोटारींचें कांहींच हिरावून घेऊं शकली नाहीं.

विजेच्या गाड्यांचा प्रसार झाला तरी पेट्रोलची इंजिनें अजून बराच काळ रस्त्यांवर राहतील, आणि तोंवर तरुण मंडळी बॉनेट उघडीत राहतील. त्यांच्यापुढें हा हिशेब असा मांडतां येईल. नित्याच्या गाडीला कारखान्याचीच पेटी आणि वेळेवर बदललेली स्वच्छ गाळणी हा सर्वांत स्वस्त व सर्वांत भरंवशाचा उपाय. उघडी गाळणी आवाज देते. तो ज्याला हवा असेल त्यानें आवाज म्हणूनच घ्यावा, बळ म्हणून घेऊं नये. थंड हवेची लांब नळी कोरड्या प्रदेशांत थोडा लाभ देते, तुंबणाऱ्या रस्त्यांवर ती जुगार ठरते. नळ्यांची लांबी आणि भाता हीं शर्यतीच्या मैदानावरच्या जाणत्यांचीं कामें. तीं अर्धवट करण्यापेक्षां न केलेलीं बरीं. कोणताहि बदल करण्यापूर्वीं व केल्यानंतर, एकाच दिवशीं, बॉनेट मिटून, रोलरवर चाकांचें बळ मोजणाऱ्या यंत्रावर गाडी चढवावी. दुकानदाराचा शब्द आणि स्वतःचे कान यांहून तें यंत्र अधिक प्रामाणिक असतें. शिवाय भारतांत १९८८ च्या मोटारवाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींत मनास येतील तसे फेरफार करूं देत नाहीं, याचाहि विसर पडूं नये.

फुंकणी हातीं घेणारी गृहिणी डोळे मिटून फुंकर घालीत नाहीं. लांकूड किती आहे, राख किती साचली आहे, हें ती पाहते. आणि चुलीवर दूध ठेवलेलें असलें तर ती फुंकणीला हातच लावीत नाहीं. इंजिनाला वारा घालूं पाहणाऱ्यानेंहि चुलीवर काय ठेवलें आहे तें आधीं पहावें.